बटणाभोवतीची निळी रेघ

टक्. मग थोडी शांतता. पुन्हा टक्. मग आधीपेक्षा किंचित दीर्घ शांतता, आणि पुन्हा एकवार टक्. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत सकाळचे दहा वाजले की शाळांच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, पालेभाजी विकणाऱ्या बाईची आरोळी पुढच्या चौकात विरलेली असते आणि समोरच्या घरातला कुकर आपलं शेवटचं सांगून गप्प बसलेला असतो. त्या निवळलेल्या अवकाशात खालच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून हा एवढासा ध्वनी वर येई. कुठल्या वाद्याचा नव्हे, पाखराचा नव्हे. संगणकाच्या कळफलकावरच्या एका कळीचा! पण मला विचाराल तर या सबंध बंगळुरात त्याहून प्रसन्न नाद मी ऐकलेला नाही. आणि तो नाद मीच, माझ्या या दोन हातांनी, बंद पाडला. त्याचीच ही हकीकत आहे, आणि ती सांगताना मला राग येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तो नाद श्रीपादअण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे घरमालक. खाली ते आणि त्यांची बायको, अक्का, वर भाडेकरू म्हणून मी, गेली नऊ वर्षं. मूळचे बेळगावकडचे. पन्नासेक वर्षांपूर्वी इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि यंत्रांचे नकाशे काढता काढता निवृत्त झाले. त्यांच्या मराठीत कन्नडातले ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे ठीक, इतके मुरलेत की वेगळे काढता येत नाहीत. दिवाणखान्याच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एका दंतचक्राचा नकाशा चौकटीत लावलेला आहे, स्वतःच्या हातचा. काय त्या रेषा! केसाहून बारीक, आणि आरंभापासून अंतापर्यंत एकाच जाडीच्या. ज्या उजव्या हातानं त्या ओढल्या, त्याच हाताला निवृत्तीनंतर तीन वर्षांत कंपवातानं गाठलं. नियतीला असे विनोद सुचतात, आणि त्यांना हसायचं कुणी हे मात्र ती सांगत नाही.

कापणाऱ्या हाताला संगणकाचा माउस म्हणजे शुद्ध छळ. बाण पडद्यावर सैरावैरा पळतो, बटण राहतं एकीकडे आणि दाब पडतो भलतीकडे. तेव्हा मीच त्यांना टॅबची कळ शिकवली. ही कळ दाबली की पडद्यावरच्या एका बटणावरून पुढच्या बटणावर जाता येतं, आणि आपण या क्षणी कुठल्या बटणावर उभे आहोत हे कळावं म्हणून त्या बटणाभोवती एक निळी रेघ उमटते. इष्ट स्थळी पोहोचलो की एंटर दाबायचं, संपलं! माउसला हात लावायची गरज नाही. अण्णांनी ती रेघ पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. चष्मा वर सरकवून म्हणाले, रेघ आहे ना, मग काळजी नाही, रेघेवर मी चाळीस वर्षं चाललोय. त्या दिवसापासून बेळगावच्या गाडीचं आरक्षण, वाचनालयातली पुस्तकं, गॅसची नोंदणी, दवाखान्याची वेळ, सगळं त्यांचं ते करू लागले. मुलगा परदेशी, फोनवर म्हणायचा, मी इथून करून देतो ना बाबा. अण्णा ऐकून घ्यायचे आणि स्वतःच करायचे. त्यांचा घास अक्कांना कालवून द्यावा लागे, सदऱ्याची बटणं अक्काच लावत. पण पडद्यावरचं बटण दाबायला त्यांना कुणी लागत नव्हतं. या एवढ्या प्रदेशावर त्यांचं राज्य अबाधित होतं.

आता माझ्याविषयी. मी रेवती, निपाणीची, आणि पोटासाठी संकेतस्थळं बांधते. इंदिरानगरातल्या एका कचेरीत, बारा वर्षं झाली. आमच्या धंद्याचा एक कुळाचार आहे, त्याला ‘अद्ययावत राहणं’ म्हणतात. दर सोमवारी सकाळी एक यादी येते, या आठवड्यात काय नवं आलं आणि काय जुनं झालं. गेल्या वर्षी ज्याला उत्तम पद्धत म्हणून आम्ही डोक्यावर घेतलं, ते यंदा कुणी तोंडातून काढलं तर लोक त्याच्याकडे दयार्द्र दृष्टीनं पाहतात. बटणांचे कोपरे गोल झाले, टोकदार झाले, ये रे माझ्या मागल्या, पुन्हा गोल झाले. सावल्या आल्या, गेल्या, परतल्या. शनिवारी संमेलनं भरतात, गळ्यात पट्टे अडकवून आम्ही फिल्टर कॉफीच्या रांगेत उभे राहतो आणि ‘वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ असं कुणीतरी व्यासपीठावरून सांगतं. आम्ही टाळ्या वाजवतो. मग सोमवारी कचेरीत येऊन करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं लिहितो!

तुम्हीही पाहिली असतील ती पानं. नाव कुठं लिहायचं ते सांगणारी सूचना चौकटीच्या आत, आणि तुम्ही पहिलं अक्षर लिहिलंत की सूचनाच गडप. मध्येच थांबलात तर काय लिहीत होतो ते आठवायचं कसं? बटण आहे की नुसता शब्द हे दाबून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. वाचायला घ्यावं तर खालून एक पाटी उसळते, तिला घालवावं तर बाजूनं दुसरी. सजावट इतकी की नाकापेक्षा मोती जड, आणि साध्या फोनवर ते पान उघडेपर्यंत माणसाचा चहा होतो. आणि याला आम्ही नाव काय देतो? स्वच्छ! ‘क्लीन दिसतंय,’ असं आमचा रचनाप्रमुख निहार म्हणतो. पुण्याचा मुलगा, बुद्धीनं तल्लख, मनानं वाईट नाही. पण त्याच्या स्वच्छतेत माणसाला हाताशी धरायला काही उरत नाही, आणि हे त्याला सांगायला जावं तर आपणच कालबाह्य ठरतो.

मला अशा वेळी चिकपेटेतलं एक साड्यांचं घाऊक दुकान आठवतं. दुकान माडीवर. जिना लाकडी, अरुंद, चढ असा की पुढच्या बाईची टाच आपल्या नाकासमोर यावी. त्या जिन्यात वरच्या तुळईपासून खालच्या पायरीपर्यंत एक जाड दोरखंड लोंबत असतो, हातांच्या घामानं काळा, गुळगुळीत झालेला. अक्का तो दोर धरून चढतात, मी धरून चढते, गठ्ठे वाहणारे हमालही धरतात. मध्यंतरी मालकानं दुकान नवं केलं. काचेची दारं, पांढरे दिवे, थंड हवा, वर जाऊन बघितलं तर ओळखू येईना. दोर मात्र तसाच. मी कौतुकानं विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे, ही काय विचारते, अशा मुद्रेनं पाहिलं. बायका वर कशा येणार, एवढंच कन्नडात म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानं आयुष्यात एकाही संमेलनात कॉफी घेतलेली नाही. आमच्या कचेरीत तो एक दिवस येऊन बसला असता तर आमचं कितीतरी कल्याण झालं असतं.

असो. झालं ते असं. कंपवाताच्या रुग्णांना तपासणाऱ्या एका दवाखान्यात अण्णांना नवी वेळ मिळाली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई औषधाची मात्रा नव्यानं बसवून देणार होत्या, आणि त्यांची वेळ मिळायला तीन महिने लागतात. अण्णांनी ते तीन महिने शब्दशः बोटांवर मोजले होते. तारखेच्या दोन दिवस आधी दवाखान्याचा संदेश आला: येणार असाल तर संकेतस्थळावर नक्की करा. पान उघडलं. त्या संकेतस्थळाचं नूतनीकरण नुकतंच झालेलं होतं. पानावर दोन बटणं, शेजारी शेजारी. एक ‘नक्की’, एक ‘रद्द’. अण्णांनी टॅब दाबायला सुरुवात केली, आणि निळी रेघ कुठं दिसेना. त्यांना वाटलं चष्म्याचा दोष. मग या माणसानं काय करावं? बटणं डोळ्यांनी ओळीनं मोजली, ‘नक्की’ अकरावं आहे हे ताडलं, आणि रेघेवाचून, मनातल्या मनात अंक म्हणत, अकरा वेळा कळ दाबली. पण हात कापला, एक दाब दोनदा उमटला. एंटर केल्यावर पडद्यावर अक्षरं आली की तुमची वेळ रद्द करण्यात आली आहे, धन्यवाद.

धन्यवाद! संतापानं माझं टाळकं आजही सटकतं. ‘खरंच रद्द करायची का?’ असं एकदा विचारायला काय जात होतं? पण नाही, कमीत कमी पायऱ्या ही त्या वर्षीची उत्तम पद्धत होती. अक्कांनी दवाखान्यात फोन केला, पुन्हा केला. ती जागा यादीतल्या पुढच्या रुग्णाला गेलेली होती, आणि यांना मिळाली ती तीन महिन्यांनंतरची. कापणाऱ्या हातांसाठी काढलेला दवाखाना, आणि त्याच्या दारातून कापणाऱ्या हाताला आत जाता येऊ नये, यासारखी निर्लज्ज गोष्ट दुसरी कुठली असेल?

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फक्त सकाळचा आवाज थांबला होता. आठवडाभरानं अक्का वर आल्या, लिंबाचं लोणचं द्यायचं निमित्त करून. म्हणाल्या, ह्यांनी संगणकावर भरतकामाचा टेबलक्लॉथ घालून ठेवलाय, पाहुणे गेल्यावर पलंग झाकून ठेवावा तसा. काही विचारलं की म्हणतात, माझा हात चुकला, आता माझ्याच्यानं नको, मुलगाच करील. परवा तर फोनवर मुलाला तसं सांगूनही टाकलं. जेवणात मी हात दिला, सदऱ्याच्या बटणांत दिला तेव्हा हा माणूस असा खचला नव्हता गं, असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

मी खाली गेले. अण्णा खिडकीशी बसलेले. त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली, दोष सर्वस्वी स्वतःकडे घेऊन, एखादा प्रामाणिक शाळकरी गुन्हा कबूल करतो तशी. मी टेबलक्लॉथ बाजूला केला, ते पान उघडलं आणि टॅब दाबला. रेघ नाही. पुन्हा दाबला. नाही. चष्मा निर्दोष होता! माझं मस्तक भडकलं. कोण हे नालायक, म्हणून मी पानाच्या पोटात शिरले; आमच्या धंद्यात कुठल्याही पानाचं आतलं लिखाण उघडून वाचता येतं. शैलीच्या फायलीत, अगदी वरती, तिसऱ्या ओळीत ती आज्ञा होती: बाह्यरेषा, शून्य. आणि तिच्या डोक्यावर, संगणक वाचत नाही पण माणसानं वाचावी अशी, शुद्ध देवनागरीत लिहिलेली एक टीप होती. ‘हे ओंगळ दिसतं. काढून टाकलं.’

ती टीप माझी होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

सांगते. आठ वर्षांपूर्वी कचेरीनं मला एक पाया बांधायला सांगितला. कुठलंही नवं संकेतस्थळ सुरू करताना आधी ज्या चार-सहा फायली उचलून आणायच्या, त्या. त्या काळी माउसनं बटण दाबलं तरी ती निळी रेघ उमटायची, आणि गिऱ्हाईक कुरकुरायचं, हे काय डाग पडल्यासारखं? कुठल्याशा लेखात मी तोडगा वाचला, एका ओळीत रेघ कायमची नाहीशी. त्याच लेखाच्या तळाशी, रेघ काढलीत तर तिच्या जागी दुसरी खूण द्या, नाहीतर कळफलकावर जगणारी माणसं अडतील, असंही लिहिलं होतं. तळाशी जायला मला वेळ कुठे होता? मी अद्ययावत राहत होते ना! पुढे ब्राउझर बनवणाऱ्यांनीच शहाणपणा केला. माउस वापरणाऱ्याला सहसा रेघ दिसू नये, कळफलक वापरणाऱ्याला मात्र दिसावी, अशी सोय त्यांनी आपणहून करून दिली. म्हणजे माझ्या ओळीचं कारणच संपलं, आणि उरला तो केवळ तिचा अपाय, तोही नेमका ज्याला रेघ हवी त्यालाच. या आठ वर्षांत चाळीस नव्या गोष्टी मी शिकले आणि विसरले. ही एक तिसरी ओळ उघडून पाहिली नाही. पाया उचलला जात राहिला, संकेतस्थळामागून संकेतस्थळ, आणि कचेरीत मराठी वाचणारं दुसरं कुणी त्या फायलीकडे फिरकत नसल्यामुळे सगळ्यांनी समजूत करून घेतली की रेवतीनं तिथं काहीतरी महत्त्वाचं बजावून ठेवलंय, तेव्हा हात लावू नये. दवाखान्याचं काम आमच्याच कचेरीतल्या शेजारच्या गटानं केलं होतं.

अण्णा विचारत होते, काय शोधालीस गं एवढं? मी म्हटलं, काही नाही, बघते. अण्णा, मी तेव्हा खोटं बोलले. टेबलक्लॉथ पुन्हा नीट घातला आणि वर निघून आले.

एक ओळ पुसायला एक क्षण पुरतो. ती पुसण्याची परवानगी मिळायला तीन आठवडे गेले! निहार म्हणाला, रेघ फार विचित्र दिसेल, सगळ्या रचनेचा तोल जाईल. मग म्हणाला, कळफलकानं वावरणारे किती जण आहेत, आकडा दे. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर! अरे, जिन्यातला दोर काढून टाकायचा आणि मग माडीवर उभं राहून मोजायचं की दोर धरणाऱ्या किती बायका वर आल्या? ज्यांना येता आलं नाही त्या खालूनच परत गेल्या, त्यांचा आकडा तुला कोण देणार? हे मी सभेत बोलले, आवाज चढवून बोलले, आणि सगळे आपापल्या पडद्यांत पाहू लागले. शेवटी तिसऱ्या सभेत मी निहारपुढचा माउस उचलला, उलटा करून माझ्याजवळ ठेवला आणि त्याला सांगितलं की याच्याशिवाय त्या पानावरची वेळ नक्की करून दाखव. पोरगं जिद्दी, लगेच सरसावलं. टक् टक् टक् करत गेलं, कुठं पोहोचलं त्याचं त्यालाच कळेना, अंदाजानं एंटर दाबलं आणि दवाखान्याच्या गच्चीवरच्या उपाहारगृहाच्या पानावर जाऊन पडलं. सगळे हसले. निहार हसला नाही. स्वतःच्या हाताकडे बघून म्हणाला, ठीक आहे, पण रंग फिकट जांभळा ठेवू. मी म्हटलं, निळा. दिसला पाहिजे. त्यानं मान हलवली. रद्द करण्याआधी एकदा विचारावं ही माझी दुसरी मागणी मात्र ‘पुढच्या टप्प्यात’ गेली, आणि पुढचा टप्पा ही आमच्याकडे अशी जागा आहे की तिथून सहसा कुणी परत येत नाही.

रेघ परतली. आता अण्णांना सांगणं भाग होतं. आणि इथंच मी कच खाल्ली. निहारवर ओरडणं सोपं होतं हो! रागाला आपण किती सहज दुसऱ्याचा पत्ता देतो. चार दिवस मी जिन्यावरून गुपचूप ये-जा केली. पाचव्या दिवशी खाली गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: रेघ चष्म्यामुळे गेली नव्हती, ती काढलेली होती, आणि काढणारी मी.

अण्णांनी भिंतीवरच्या दंतचक्राकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे, नव्या माणसाला काम समजावून द्यावं तसे सांगू लागले. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असे. रेघ कुणी ओढली, कुणी तपासली, आणि पुढे कधी एखादी रेघ बदलली किंवा खोडली तर का खोडली, हे त्या चौकटीत लिहून सही करावी लागे. कारण लिहिल्याशिवाय केसाएवढी रेघ खोडायची कुणाची छाती नव्हती, कारण त्या रेघेवर कुठंतरी कुणीतरी लोखंड कापत असे. एवढं सांगून त्यांनी मला विचारलं, “तू खोडलीस तेव्हा कारण काय लिहिलं होतंस?”

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. “हे ओंगळ दिसतं,” मी म्हटलं, “असं लिहिलं होतं.”

अण्णांचा उजवा हात टेबलावर होता, नेहमीसारखा थरथरत. तो त्यांनी हळूच उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्यावर डावा हात ठेवला, झाकून. मला धरणी दुभंगावी असं वाटलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. अण्णा म्हणाले, “हात चुकला हे खरंच आहे. पण हात चुकतो म्हणूनच की गं रेघ असते.” त्यांनी मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही, तसं ते काही बोलले नाहीत. उठताना एवढंच सांगितलं की रेघ परत ओढलीस ना, सरी, मग चौकट पुरी कर, कारण लिही आणि सही कर.

दुसऱ्या दिवशी मी पायाची फाइल उघडली आणि जिथं आठ वर्षं ते एक वाक्य बसून होतं, तिथं दुसरं लिहिलं. कन्नडात, इंग्रजीत आणि मराठीत, म्हणजे उद्या कुणाला वाचता आलं नाही अशी सबब नको. ‘बटणाभोवतीची रेघ काढू नये. मी काढली होती. तिच्यावाचून एका माणसाची डॉक्टरची वेळ गेली, आणि तो आपल्या हाताला दोष देत बसला.’ खाली माझं पूर्ण नाव. निहारनं ते वाचलं, आणि एवढं कशाला लिहितेस असं तो म्हणाला नाही. उत्तम पद्धत, उत्तम पद्धत म्हणून मी बारा वर्षं जिच्या मागे धावले, ती मला एका निवृत्त ड्राफ्ट्समनकडून या तीन ओळींपुरती कळली, याची लाज वाटायची ती वाटतेच आहे.

टेबलक्लॉथ मात्र निघाला नव्हता. दिवस जात होते, आणि औषधाची जुनी मात्रा पुरेनाशी झाली होती. अण्णांना आता पेला दोन्ही हातांनी धरावा लागे, आणि जिन्याखालच्या फाटकाची कडी अक्का लावत. ज्या तीन महिन्यांत हे घडलं, ते तीन महिने कुणी नेले? माझ्या रागाला आता दुसऱ्या कुणाचा पत्ता उरलेला नव्हता.

मग गेल्या बुधवारी अक्कांनी जिन्यातून सांगितलं की दवाखान्याचा संदेश आलाय. मी चपला घालून निघालेच होते, तर त्यांनी मला वरच थांबवलं. अण्णांनी निरोप दिला होता, रेवतीला खाली येऊ नको म्हण. मुलगाही तिकडून करून द्यायला तयार होता, त्यालाही नको म्हणाले होते. मी खिडकीशी जाऊन बसले. दहा वाजले होते. पालेभाजीवाली पुढच्या चौकात गेली होती, समोरचा कुकर गप्प झाला होता. खाली कापड झटकल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि मग कितीतरी दिवसांनी, टक्.

ते पान मला पाठ आहे. अकराव्या दाबाला ‘नक्की’, बाराव्याला ‘रद्द’, आणि ‘खरंच रद्द करायची का’ असं विचारणारं अजून कुणी नाही. मी मोजू लागले. तीन, चार. मोठी शांतता. पाच. सातव्याला हात बहुधा दमला, कारण आठ यायला एवढा वेळ लागला की मी उठून उभी राहिले. नऊ, दहा. मग टक्-टक्. दोन, एकाला एक लागून. बारा झाले होते! मी खिडकीचे गज घट्ट धरले. ओरडून सांगावं असं ओठांवर आलं, पण तो अधिकार मला नव्हता. खाली काहीच हलत नव्हतं. आणि मग दोन कळा एकदम दाबल्याचा, जड, ओबडधोबड आवाज आला. एक बटण मागे जायला अशा दोन कळा लागतात. तेही मीच कधीतरी शिकवलं होतं. पुन्हा शांतता. मग एंटर.

अक्कांनी खालून हाक मारली नाही. त्यांना हाक मारायची गरज नव्हती. हात आजही चुकला होता, आणि अण्णांना रेघ दिसली होती.